भोंग्याचा कीबोर्ड

घाऊक भाजीबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. लिलाव पुकारणं हा त्याचा धंदा. पहाटे ट्रक रिकामे व्हायला लागले की हा गडी कोबीच्या पोत्यांवर चढायचा आणि असा आवाज टाकायचा, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या हमालाच्या हातातला चहा हिंदकळावा. घरीही तेच. बायको कानावर हात ठेवून म्हणायची, "अहो, मी पलीकडच्या खोलीत आहे, पलीकडच्या गावात नाही!"

मग एके वर्षी घसा बसला. बसला तो उठेचना. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्यापाशी श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर बायको रोज धुतलेल्या फडक्याची पट्टी बांधून द्यायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं म्हणे, पण उपचार पुरते संपून जखम भरेपर्यंत त्याचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर हातात पाटी आली.

पाटीचं दुखणं असं, की तिला वेळ लागतो. भोंगा आयुष्यभर समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं वाक्य टाकणारा माणूस. आता तो पाटीवर एखादी कोटी लिहून वर बघायचा, तोवर बोलणं तीन वळणं घेऊन भलतीकडे गेलेलं असायचं. विनोदाला वाफ असेतोवर मजा. त्याचे सगळे विनोद थंड होऊन ताटात पडायला लागले. त्यात अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लोक वाकून वाचायचे, "काय लिहिलंय, काका?" विचारायचे आणि मग उगाच हसून मान हलवायचे. ते हसू त्याच्या डोक्यात जायचं.

मेहुण्याने फोनमध्ये एक सोय करून दिली. लिहिलं की फोन मोठ्याने वाचून दाखवतो. भोंग्याने आधी लिहिलं, "चहात साखर घाल." फोनमधून एक नाजूक बाई विमानतळावर सूचना दिल्यासारखी बोलली, "चहात. साखर. घाल." बायको पदराने तोंड झाकून इतकी हसली की चहा उतू गेला. फोन त्या दिवसापासून उशीखाली. शिवाय भोंग्याचं एक बोट फोनवर ठेवलं की चार अक्षरं दाबली जायची.

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण एका रविवारी जे झालं, ते मात्र सोसवलं नाही.

त्याला एकच मुलगी. जमीन मोजणाऱ्या एका कंपनीत होती. तीन पायांवर उभी दुर्बीण घेऊन दिवसभर उन्हात मोजमापं घ्यायची, काळीठिक्कर होऊन घरी यायची आणि खुशीत असायची. त्या आठवड्यात तिला मोठं काम चालून आलं होतं. एका रुंद नदीवर पूल बांधायला घेतला होता, तिथल्या मोजणीची सगळी जबाबदारी तिच्यावर येणार होती. जागा लांब, एक दिवस आणि एक रात्रीचा प्रवास. निदान दोन वर्षं तिकडेच राहायचं. होय की नाही, ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं.

रविवारी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. त्या घरातले सगळे निवाडे तिथल्या सोफ्यावर व्हायचे. सोफा जुना, मध्ये खचलेला. त्या खड्ड्यात भोंगा बसायचा, कारण तो खड्डा त्यानेच पाडला होता. मेहुणा शेजारी, बायको दाराजवळच्या खुर्चीवर, मुलगी खाली जमिनीवर पाय दुमडून.

"आत्ता कसली जातेस?" मेहुणा म्हणाला. "बाप असा. आई एकटी. दवाखान्याच्या फेऱ्या कोण मारणार?"

"मीही तेच म्हणते," बायको म्हणाली.

मुलगी नखाने फरशीची भेग कोरत बसली. भोंगा मात्र पाटीवर घाईघाईने खडू ओढत होता. दोन शब्द झाले तोच खडू मोडून सोफ्याखाली घरंगळला आणि त्याने पाटी तशीच उंच धरली.

मेहुण्याने वाचलं. "हे बघा, भावोजीही म्हणतायत, 'जाऊ दे'. संपला विषय. सोडा आता."

भोंगा जोरजोराने हात हलवायला लागला. त्याला म्हणायचं होतं, जाऊ दे तिला! 'तिला' लिहायच्या आधी खडू मोडला होता. पण मेहुण्याला वाटलं, भावोजींना ताण होतोय. त्याने पाटी हळूच काढून घेतली, त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "नका त्रास करून घेऊ." बायकोने ओल्या फडक्याने पाटी पुसून ठेवली. मुलगी उठून आत गेली.

नंतर त्याने मुलीला पाटीवर सगळं नीट लिहून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणालात, त्यातच आलं. पण ठरलंय आता," आणि त्याला औषधाची गोळी काढून दिली.

त्या संध्याकाळी भोंगा खड्ड्यात बसून समोरच्या टीव्हीकडे बघत राहिला. टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या आणि खालून अक्षरांची पट्टी सरकत होती. आवाज बंद होता, तरी बायको कांदा चिरता चिरता ती पट्टी वाचत होती, वर तोंडाने "अगं बाई!" म्हणत होती. कोणी तिला वाच म्हटलं नव्हतं. समोर मोठी अक्षरं उमटली की माणूस वाचतोच.

भोंगा ताडकन उठून बसला. त्याने पाटीवर लिहिलं: "मला टीव्हीवर बोलायचंय."

मुलीचा जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत धूळ खात होता. तिने एक वायर आणली, कॉम्प्युटर टीव्हीखालच्या कपाटावर ठेवला, अक्षरं भली मोठी केली आणि कीबोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर डकवले. कीबोर्डची वायर मात्र सोफ्यापर्यंत पुरेना. तिने जोडवायर लावली, ती खोलीच्या मधोमध गुडघ्याच्या उंचीवर ताणून बसली. पहिल्याच दिवशी बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि पाय अडकून अशी पडली, की कप एकीकडे, बशा एकीकडे, कॉम्प्युटर कपाटावरून लोंबकळतोय आणि भोंगा चहाने न्हालेला. बायकोला लागलं नव्हतं, पण तिने कंबरेवर हात ठेवून निकाल दिला, "ही वायर या घरात राहील, नाहीतर मी!"

"बिनवायरचे मिळतात, आई," मुलगी म्हणाली. "पण चांगले महाग असतात."

भोंग्याने पाटीवर लिहिलं: "चपलेच्या जोडीहून महाग नको. पण घ्यायचाच."

मेहुण्याला हे कळलं तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरच्या ढिगातून एक कीबोर्ड घेऊन आला. पापडाएवढा पातळ, वजनाला पिसासारखा. "चपलेच्या जोडीत काय, एका चपलेत बसवला!" असं म्हणत त्याने तो भोंग्याच्या मांडीवर ठेवला. त्याच्याबरोबर नखाएवढा एक तुकडा होता, तो कॉम्प्युटरमध्ये खोचायचा, की वायरीचं काम तो करतो.

करत होता, पण मनाला येईल तेव्हा. सोफ्यापासून कपाटापर्यंत जाताना निम्मी अक्षरं वाटेतच गळायची. दुपारी जेवणाच्या वेळी भोंग्याने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि टाइप केलं, "जेवणात मीठ नाही." टीव्हीवर उमटलं: "जेवणात मी नाही."

बायकोने वाचलं. "नाही तर नाही. राहिलं!" ती म्हणाली आणि समोरचं ताट उचलून घेऊन गेली. ती स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत भोंगा हवेत बोटांनी मीठ भुरभुरवून दाखवत होता. त्या दिवशी त्याने ठरवलं, आता दुकानात आपण स्वतः जायचं. दुसऱ्याच्या पारखीने आणलेला माल आणि दुसऱ्याच्या दाताने चावलेला घास, दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

मुलीला सुट्टी होती त्या दिवशी दोघं निघाले. कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान चिंचोळं आणि लांबलचक होतं. दोन्ही भिंतींना कीबोर्ड टांगलेले, शेवटी एक मोठा टीव्ही आणि त्याखाली चालू कॉम्प्युटर. दुकानदारीण चुणचुणीत होती, पन्नाशीची. गळ्याची पट्टी बघून तिने आवाज उगाच मोठा केला नाही, की सावकाश बोलली नाही. भोंग्याला ती तिथेच आवडली.

"हा घ्या," ती म्हणाली. "दिवा आहे, अंधारात अक्षरं चमकतात."

भोंग्याने मान हलवली. अंधारात तो झोपतो.

"मग हा. याला माउस लागत नाही, बाजूला ही चौकट आहे, तिच्यावर बोट फिरवायचं."

भोंग्याचे डोळे उजळले. सोफ्यावर माउस ठेवला की तो गादीच्या खाचेत घुसायचा, शोधायला गेलं की हाताला शेंगदाणे लागायचे. त्याने ती चौकट बोटाने घासून पाहिली. पण बटणं बारीक होती, त्याचं एक बोट दोन अक्षरांवर आडवं पडत होतं. परत.

तिसऱ्याची बटणं मोठी होती, चौकटही होती, पण आतली बॅटरी बदलता येत नव्हती, सारखं चार्जिंगला लावावं लागणार. म्हणजे पुन्हा वायर, आणि वायर म्हटलं की बायको. परत. चौथा मांडीवर ठेवला तर डगडगला. परत. मुलगी घड्याळाकडे बघायला लागली. भोंगा हलला नाही. त्याने उभ्या जन्मात टोपलीतला तळचा टोमॅटो बघितल्याशिवाय भाव पुकारला नव्हता.

मग दुकानदारिणीने वरच्या फळीवरून दोन कीबोर्ड काढले. दिसायला जुळी भावंडं. मराठी अक्षरं छापलेली मोठी बटणं, चौकट, कोणत्याही दुकानात मिळणारे साधे सेल, खाली रबराचे पाय. "हा शांत," ती म्हणाली, "शेजारी निजलेल्यालाही कळणार नाही. हल्ली सगळे हाच नेतात. आणि हा जुन्या धाटणीचा, खडखड फार करतो, म्हणून पडून आहे."

मुलीने शांत कीबोर्ड उचलला. "हाच घेऊ, बाबा. आईचं डोकं दुखायला नको."

भोंग्याने तो तिच्या हातातून काढून काउंटरवर ठेवला आणि दुसरा मांडीवर घेऊन एक बटण दाबलं. खट्. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी मान वळवून बघितलं. त्याने पुन्हा दाबलं. खट् खट्. पुन्हा बघितलं. त्याने मुलीकडे पाहिलं. तिला आधी कळेना, मग कळलं. इतके महिने तो खोलीत होता आणि त्याच्याकडे कोणी वळून बघावं असं त्याच्यापाशी काही नव्हतं. टाळ्या वाजवल्या तर रागावल्यासारखं दिसतं, टेबल बडवलं तर माणसं घाबरतात. हा मात्र बोलायला तोंड उघडण्याचा आवाज होता.

तरी तपासणी राहिलीच होती. त्याने खूण केली आणि दुकानदारिणीने त्याच्याबरोबरचा नखाएवढा तुकडा शेवटच्या कॉम्प्युटरला लावला. भोंगा मागे मागे चालत दुकानाच्या दारापर्यंत गेला, पायरीवर टेकला आणि सोफ्यावर बसल्यासारखा पाय पसरून टाइप करायला लागला. दुकानाच्या पार टोकाला टीव्हीवर हळूहळू अक्षरं उमटली: "जेवणात मीठ नाही." ठ जागेवर होता. त्याने आणखी एक ओळ लिहिली: "पडून आहे म्हणता तर भाव कमी करा."

दुकानदारीण खो खो हसली. "पाच टक्के!"

खट् खट् खट्. "पडून आहे हे तुम्ही म्हणालात. मी नाही."

"बरं, दहा. आणि सेल माझ्याकडून."

एव्हाना दुकानातली माणसं त्या पडद्याकडे आणि दाराकडे आलटून पालटून बघायला लागली होती. भोंग्याने पंजा वर करून सौदा पक्का केला. भाव चपलेच्या जोडीहून थोडा वर गेला होता, पण बऱ्यापैकी चपला धरल्या तर बसत होता.

खरी मेहनत पुढे. अक्षरं कुठे असतात हे बोटांना ठाऊक नव्हतं. सकाळी बायको अंघोळीला गेली की तो बसायचा, दुपारी सगळे पहुडले की बसायचा. आधी नुसती बाराखडी, मग भाज्यांची नावं, मग ओळखीच्या व्यापाऱ्यांची टोपणनावं आणि त्यांना जोडून शिव्या, कारण शिव्यांत जोडाक्षरं जास्त. बायको एकदा न्हाऊन बाहेर आली तर टीव्हीभर त्या शिव्या. "शोभतं का हे या वयात?" ती म्हणाली. त्याने लगेच लिहिलं: "सराव." एक बोट, मग दोन, मग दोन्ही हातांची चार. महिना संपत आला तेव्हा त्याला जोर आला होता. आवाजाइतका नाही, पण पाटीच्या कितीतरी पुढे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याने मेहुण्याला बोलावून घेतलं. सगळे आपापल्या जागी बसले. मुलगी म्हणाली, "उद्या मी त्यांना नाही म्हणून कळवते."

खट्! सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं.

"कळवायचं नाही. जायचं."

"बाबा..."

"मागच्या वेळी मी लिहीत होतो, जाऊ दे तिला. तुम्ही अर्धं वाचलंत."

मेहुणा खाकरला. "भावोजी, तुमचं खरं, पण दवाखान्याच्या फेऱ्या कोण मारणार?"

त्याचं वाक्य संपायच्या आत अक्षरं पळायला लागली होती. "दारातून बस जाते. गेलाय तो घसा. पाय आहेत."

"पण लोक काय म्हणतील? बापाला असं टाकून..."

"लोक काय म्हणतात ते तूच येऊन सांगतोस. दुसरं कोणी सांगत नाही."

मुलीला हसू फुटलं. मेहुणाही हसला, जरा उशिरा. मग मुलीचं हसू विझलं. ती म्हणाली, "पण बाबा, तुम्हाला जमणार नाही माझ्याशिवाय."

भोंगा थांबला. मग सावकाश लिहिलं, "नाही जमणार." आणि त्याच्याखाली, "जमवीन."

भोंग्याच्या अंगात जुना लिलाव संचारला. त्याने बोटं आपटली. "आणखी कोणाचं काही? एक वार." थांबून सगळ्यांकडे बघितलं. "दोन वार."

"माझं आहे," बायको म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली होती. "तुम्हाला काय, तुम्ही लिहून मोकळे. ती गेली की या घरात बोलणारी मी एकटी. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी रेडिओ लावून निजायचे, माहितीये? शांततेत मला झोप लागत नाही. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाबरोबर आयुष्य काढलं. ती होती म्हणून सोसलं. आता मी बोलणार आणि ऐकणार कोण, भिंती?"

इतक्या महिन्यांत ती एकदाही असं बोलली नव्हती. पट्टी बांधायची, भात मऊ करायची, चिडायची, हसायची. भोंग्याला वाटत होतं, आवाज आपला गेलाय. तिचंही काही गेलंय, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याने काही अक्षरं लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. सगळे बघत होते. टीव्हीवर काही लपवता येत नाही.

शेवटी लिहिलं, "मी ऐकतो की. आणि उत्तर देतो. भांड माझ्याशी."

"भांडायला मला दर वेळी चष्मा शोधावा लागेल," ती नाक ओढत म्हणाली.

भोंग्याने चौकटीवर बोट फिरवलं. अक्षरं मोठी झाली. आणखी मोठी. शेवटी अख्ख्या पडद्यावर एकटा 'भांड' मावला, तोही कडेला चेपून.

मुलगी फिदीफिदी हसत सुटली. बायकोने आधी दात ओठ खाल्ले, मग तिलाही आवरेना. डोळे पुसत ती स्वयंपाकघराकडे वळली आणि मागे वळून न बघता मुलीला म्हणाली, "मोठी बॅग माळ्यावर आहे. झुरळं झाली असतील तिच्यात. उद्या काढून उन्हात ठेव."

मुलीने दुसऱ्या दिवशी होकार कळवला. पुढचे दिवस गडबडीत गेले. भोंगा सोफ्यावरून सूचना सोडायचा, "मोजे घेतलेस का", "कुलूप घेतलंस का", आणि मुलगी जाता-येता टीव्ही बंद करून टाकायची. बसथांब्यावर निरोप देताना कीबोर्ड नव्हता, पाटीही न्यायची राहिली होती. मुलीने वाकून नमस्कार केला तेव्हा भोंग्याने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तेव्हा सोडलं.

दुसऱ्या संध्याकाळी दोघं बैठकीच्या खोलीत बसले होते. पोचल्याचा निरोप अजून आला नव्हता. बायको उठून दारात गेली, परत आली, पुन्हा गेली. भोंगा बघत होता. शेवटी ती सोफ्यापाशी येऊन म्हणाली, "सरका."

तो खड्ड्यातून सरकला. ती त्याच्या शेजारी बसली, चष्मा लावला आणि कीबोर्ड त्याच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. एका बोटाने अक्षर शोधत, दाबत, पुटपुटत ती लिहायला लागली. पहिलंच अक्षर लिहून अडली.

"अहो," ती म्हणाली, "'व्यवस्थित पोचलीस का' असं पोरीला लिहायचंय. या 'व'चा पाय कसा मोडायचा?"

भोंग्याने तिचं बोट धरून त्या बटणावर नेलं.